केम्पेनचा अंदाज

सात संघांचं लिहून झालं होतं, आठवा राहिला होता. चैत्राली निरगुडकर सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि 'केम्पेन' या नावाखाली एकही ओळ उतरत नव्हती.

नेदरलँड्समध्ये बेसबॉलला होंकबल म्हणतात. फुटबॉलवेड्या त्या देशात हा खेळ पाहणारे थोडे, पण जे आहेत ते कट्टर. वरच्या विभागात आठ संघ. एप्रिलमध्ये मोसम सुरू होण्याआधी कोण पहिला येईल, कोणाची बॅटिंग ढेपाळेल, कोणाकडे चांगले पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, उरलेत, याचा सविस्तर अंदाज वाउटर नावाच्या एका निवृत्त पत्रकाराच्या वेबसाइटवर यायचा. गेली सहा वर्षं तो चैत्राली लिहीत होती. कोच लोक तो वाचून कुरकुर करायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाचायचे.

या खेळाशी तिचा संबंध आला तो मुलामुळे. सुश्रुत सहा वर्षांचा असताना बेस्ट या गावात त्यांच्या घराजवळच्या मैदानावर जायला लागला. क्लबमध्ये प्रत्येक पालकाने काहीतरी काम अंगावर घ्यायचं असतं. कँटीनमध्ये क्रोकेट तळत डच बोलण्यापेक्षा स्कोअर लिहिणं बरं, म्हणून तिने ते घेतलं. नोकरीत ती आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत मशीनमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका मोजायची. मैदानावरही तिची नजर तशीच चालली. बॅट फिरवताना कोणाचा खांदा आधी उघडतो, पिचरचा हात दमल्यावर किती खाली येतो, हे तिला दिसायचं, आणि एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता यायचं नाही.

आता सुश्रुत वीस वर्षांचा होता आणि केम्पेनच्या पहिल्या संघात होता. गेल्या वर्षी तो तिसऱ्या क्रमांकाचा पिचर होता. क्वचितच खेळायचा, त्यामुळे त्याच्यावर लिहायची वेळच आली नव्हती. पण २०२१च्या त्या वसंतात कोरोनामुळे प्रवासबंदी होती. संघाचे दोन अमेरिकन पिचर येऊच शकले नाहीत आणि सुश्रुत एकदम पहिला पिचर झाला. मोसमाच्या पहिल्या मॅचला तोच सुरुवात करणार होता. त्यातच फ्लोरिडातल्या एका कॉलेजच्या कोचने त्याच्याशी स्कॉलरशिपचं बोलणं केलं होतं. प्रत्यक्ष येऊन खेळ पाहणं शक्य नव्हतं, म्हणून तो कोच पहिल्या मॅचचं स्ट्रीम पाहून ठरवणार होता. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

सराव सामन्यांना पालकांना प्रवेश नव्हता. बॅट्समन उभा राहतो त्या होमप्लेटच्या मागे लावलेल्या एका कॅमेऱ्यातून जे दिसेल तेवढंच. मंगळवारचा सराव सामना चैत्रालीने घरून पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग मार्चच्या सुरुवातीचा एक व्हिडिओ काढून दोन्ही शेजारी शेजारी लावले.

पहिल्या दोन इनिंगमध्ये काही नव्हतं. तिसऱ्या इनिंगमध्ये सुश्रुतचा उजवा हात बॉल सोडताना खाली येऊ लागला होता. प्रत्येक बॉलनंतर तो पाठ वळवून बोटं झटकत होता. आणि त्याचा सगळ्यात चांगला बॉल, शेवटच्या क्षणी बाहेर वळणारा स्लायडर, तो त्याने टाकलाच नव्हता.

बुधवारी सकाळी तो खाली आला तेव्हा ती चहा घेऊन बसली होती. सुश्रुतशी ती मराठीतच बोलायची. त्याला सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये यायचं. घरात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

"कोपर दुखतंय का तुझं?"

"इट्स फाइन. थंडी होती."

"करंगळी झटकत होतास. तिसऱ्या इनिंगपासून प्रत्येक बॉलला."

सुश्रुतने फ्रिजचं दार उघडलं होतं, ते तसंच धरून तो उभा राहिला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "हू एल्स सॉ?"

चैत्रालीने कप खाली ठेवला. खरं तर तिला वाटत होतं की आपण चुकलो असू.

"कधीपासून आहे?"

"दोन आठवडे. खूप नाही. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मग परत येतं." तो इंग्रजीत बोलत होता, भराभर, आधी ठरवून ठेवल्यासारखं. "पहिली मॅच होऊ दे. मग मी स्वतः सांगतो."

"आज डॉक्टरकडे जाऊ."

"हाउसआर्ट्स काय करणार? पॅरासिटामॉल देईल, दोन आठवड्यांनी या म्हणेल. नाहीतर रुबेनला फोन करेल." रुबेन केम्पेनचा कोच. "रुबेनला कळलं की मी बाकावर. फ्लोरिडाकडे परदेशी पिचरची एकच जागा आहे, आई. ते माझ्यासाठी थांबणार नाहीत."

"आणि हात?"

"माझा हात आहे."

तो समोर येऊन बसला आणि लॅपटॉपकडे पाहून म्हणाला, "तू लिहिणार आहेस हे?"

"मला अजून माहीत नाही."

"केम्पेन चौथा येईल असं लिही. तरुण पिचर, मेहनती, चांगला मोसम जाईल. ते खोटं नाहीये."

"अर्धं आहे."

"प्लीज. आणि रुबेनला फोन करू नकोस. प्रॉमिस कर."

त्याचे डोळे लाल झाले होते. लहानपणी पडला तरी तो रडत नसे. चैत्राली म्हणाली, "शनिवारपर्यंत नाही सांगत. शनिवारच्या सराव सामन्यात मी बघेन. दुखायला लागलं तर तू स्वतः बाहेर यायचंस."

"डील," तो म्हणाला आणि उजवा हात पुढे केला. तिने तो धरला, तेव्हा त्याची करंगळी बाकीच्या बोटांहून गार लागली.

अभिरामला तिने दुपारी सांगितलं. तो वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करायचा. दोन मीटिंगच्या मधे त्याने हेडफोन गळ्यात उतरवले आणि सगळं ऐकून घेतलं.

"तो वीस वर्षांचा आहे," तो म्हणाला. "त्याने विचार करून ठरवलंय. आपण मधे पडलो आणि ती जागा गेली, तर तो आयुष्यभर आपल्याला धरून ठेवेल."

"आणि हात गेला तर?"

"दोन आठवडे बोट बधिर झाल्याने हात जात नाही."

"तुला काय माहीत?"

"तुला तरी काय माहीत? तू डॉक्टर आहेस का?" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "गेलं वर्षभर तो या घरात कोंडलेला होता, चैत्राली. क्लब निम्मा वेळ बंद, कॉलेज स्क्रीनवर. हे एक नाव निघालं फ्लोरिडाचं, तेव्हापासून तो माणसात आलाय. ते काढून घ्यायला मला नको सांगूस."

तिलाही ते काढून घ्यायचं नव्हतं. पण ती व्हिडिओ पाहून आली होती आणि अभिरामने तो पाहिला नव्हता. "पाहतोस का?" तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि हेडफोन पुन्हा कानाला लावले.

गुरुवारी वाउटरचा फोन आला. तो कधी घाई करायचा नाही, पण या वेळी त्याचा आवाज सावध होता.

"केम्पेन सोडून सगळं मिळालं. छान आहे. केम्पेन कधी?"

"शनिवारची मॅच पाहून देते."

"ठीक." मग तो म्हणाला, "हेगच्या कोचने मला सकाळी विचारलं, तुमचा तो भारतीय मुलगा स्लायडर का टाकत नाहीये. लपवून ठेवतोय की काही झालंय. मी म्हटलं, अंदाज वाच, त्याची आई लिहिते."

चैत्राली खिडकीतून बाहेर पाहत राहिली. शेजारचे दोघं मास्क लावून सायकली काढत होते.

"वाउटर, यंदा केम्पेन तू लिहिशील का?"

"लिहीन. पण मग लोक विचारतील, तिने का नाही लिहिलं. आणि मला जे विचारतील त्याचं उत्तर माझ्याकडे नसेल. तुझ्याकडे आहे का?"

"शनिवारी सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला एक गोष्ट नीट उमगली. हेगच्या कोचला शंका आली होती, आणि शनिवारचा सराव सामना हेगशीच होता. म्हणजे शनिवारी हेगचा संघ सुश्रुतचा हात तपासणार. जास्तीत जास्त बॉल खेळून काढणार, त्याला दमवणार. त्या कोचच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं. तिच्या मागच्या अंदाजांमधून असले सल्ले ओळीओळीत होते. फक्त तेव्हा ते दुसऱ्यांच्या मुलांबद्दल होते.

शुक्रवारभर सुश्रुत घरात तिला टाळत होता. ती खाली असली की तो वर, ती वर गेली की तो बागेत. त्याच्या कोपराला काळा पट्टा होता, तो त्याने लांब बाह्यांच्या शर्टाखाली झाकला होता. जेवताना तो चमचा डाव्या हातात धरून खात होता. अभिरामने ते पाहिलं, चैत्रालीनेही पाहिलं.

शनिवारी ती त्याला गाडीने मैदानावर घेऊन गेली. एरवी तो सायकलने जायचा. उतरताना तो म्हणाला, "तू घरी जा. स्ट्रीमवर नीट दिसतं."

"जाते," ती म्हणाली.

ती गेली नाही. कालव्याच्या बाजूने सायकलीचा रस्ता मैदानाच्या तारेला अगदी चिकटून जातो. तिथे, तिसऱ्या बेसच्या मागे, ती जाऊन उभी राहिली. मास्क होता, कोटाची टोपी डोक्यावर होती. हेनी नावाची क्लबची जुनी कार्यकर्ती पिवळं जाकीट घालून गेटपाशी होती. तिने चैत्रालीला ओळखलं आणि हात केला. मग जवळ येऊन म्हणाली, "इथे घोळका करायचा नाही, बाई, माहीत आहे ना तुला."

"मी एकटीच आहे, हेनी."

"एकटी आहेस तोवर मी काही पाहिलं नाही."

मैदान रिकामं होतं. बाकं पट्ट्या लावून बंद केली होती, गाणी नव्हती, टाळ्या नव्हत्या. त्या शांततेत सुश्रुतचा बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. पहिल्या इनिंगमध्ये तो आवाज कडक होता. तीन बॅट्समन आले आणि गेले. हात उंच होता. चैत्रालीने श्वास सोडला. क्षणभर तिला वाटलं, खरंच थंडीच असेल.

दुसऱ्या इनिंगमध्ये हेगवाल्यांनी तिला वाटलं होतं तेच सुरू केलं. ते मारत नव्हते, बॉल नुसते बॅटला लावून बाहेर घालवत होते. एकेक जण सहा-सात बॉल खेळून काढत होता. सुश्रुतला प्रत्येक बॅट्समनसाठी दुप्पट मेहनत पडत होती. इनिंग संपली तेव्हा त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. बाहेर बोचरी थंडी होती.

तिसऱ्या इनिंगचा पहिला बॉल पडला आणि तो आवाज बदलला. मऊ, उशिरा आल्यासारखा. तिने हाताकडे पाहिलं. खाली आला होता. बॉल टाकल्यावर सुश्रुत पाठ वळवून उभा राहिला, तिच्याच दिशेला तोंड करून, आणि त्याने बोटं झटकली. एकदा, दोनदा. मग त्याने करंगळी दातांत धरून चावली. तिला ते तारेच्या जाळीतून दिसलं. तिथे अजून जीव आहे का, हे तो पाहत होता.

तिने रुबेनला फोन लावला. घंटा वाजत राहिली. फोन त्याच्या बॅगेत असणार. तिने पुन्हा लावला आणि लावता लावताच गेटकडे चालू लागली.

"हेनी, मला आत जाऊ दे. रुबेनशी बोलायचंय."

"आत टेस्ट केलेलेच लोक जाऊ शकतात. तू मला अडचणीत आणशील."

"मग तू जा. त्याला सांग, सुश्रुतला काढ. हात दुखावलाय त्याचा."

हेनीने तिच्याकडे पाहिलं. "तो मुलगा काही बोलला नाही."

"मी बोलतेय ना."

"इनिंग संपू दे. मधेच बाकावर गेले तर पंच ओरडतील. इनिंग संपली की लगेच सांगते."

चैत्राली परत तारेपाशी आली. बेसवर दोन धावपटू होते आणि बॅटला येले नावाचा हेगचा उंच खेळाडू आला होता. तिने त्याच्याबद्दल याच आठवड्यात दोन चांगल्या ओळी लिहिल्या होत्या. तो प्लेटच्या अगदी जवळ उभा राहतो, बाहेरचा बॉलही सोडत नाही, असं काहीतरी.

ती जाळीला दोन्ही हातांनी धरून ओरडली. ती कधी मैदानावर ओरडलेली नव्हती, आणि जे तोंडातून निघालं ते मराठीत निघालं.

"सुश्रुत, बास झालं. टाकू नकोस. बाहेर ये."

आवाज रिकाम्या मैदानावरून सरळ गेला. दोन्ही संघांच्या खेळाडूंनी माना वळवल्या. कोणाला काही कळलं नव्हतं. ज्याला कळलं होतं त्याने मान वळवली नाही. त्याचा जबडा आवळलेला दिसला. त्याने ग्लोव्हमध्ये बॉल फिरवून पकड घेतली, पाय उचलला आणि टाकला.

बॉल त्याच्या बोटांतून सुटला, त्याने सोडला नव्हता. तो वर गेला आणि आत वळला. येलेला मागे सरायला वेळ मिळाला नाही. हेल्मेटचा फट्‌ असा आवाज झाला आणि तो जागच्या जागी कोसळला.

काही क्षण कोणी हललं नाही. मग सगळे धावले. चैत्रालीला नुसते पाठमोरे लोक दिसत होते आणि त्यांच्या मधून येलेचा एक बूट. तो बूट हलत नव्हता. तिने जाळी इतकी घट्ट धरली होती की नंतर दोन दिवस तळहातावर वळ राहिले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मंगळवारी मला माहीत होतं.

बूट हलला. मग गुडघा वर आला. बऱ्याच वेळाने दोघांनी मिळून येलेला उठवून बसवलं. त्याने आपलं नाव सांगितलं, शहर सांगितलं. आज वार कोणता, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. हेल्मेटला कानावर तडा गेला होता.

सुश्रुत येलेजवळ गुडघ्यांवर बसला होता. तो काहीतरी बोलत होता, येले मान डोलवत होता. मग सुश्रुत उठला, रुबेनकडे गेला, त्याने ग्लोव्ह काढून त्याच्या हातात दिला आणि बाही वर करून पट्टा दाखवला. सुश्रुत तसाच तारेकडे चालत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई," तो म्हणाला, "बोटं कळत नाहीयेत मला."

हेनीने न विचारताच गेट उघडलं.

येलेला घ्यायला रुग्णवाहिका आली तेव्हा रुबेन चैत्रालीजवळ येऊन उभा राहिला. मधे दीड मीटरचं अंतर ठेवून. तो सुश्रुतला दहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. त्याने मला शपथ घातली होती."

रुबेनने रुग्णवाहिकेच्या उघड्या दाराकडे पाहिलं. "मला एक फोन पुरला असता, चैत्राली," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

घरी जाताना सुश्रुत मागच्या सीटवर बसला, पुढे नाही. अभिराम दारातच उभा होता. त्याने स्ट्रीमवर सगळं पाहिलं होतं. तो पुढे झाला आणि त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या. रात्री जेवणं झाल्यावर तो चैत्रालीला म्हणाला, "तू मला व्हिडिओ दाखवत होतीस. मी पाहायला हवा होता." ती म्हणाली, "पाहिला असतास तरी आपण शनिवारपर्यंत थांबलोच असतो." ते खरं होतं का, हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी येलेची बातमी आली. मेंदूला धक्का बसला होता, रक्तस्राव नव्हता. दोन-तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत विश्रांती, मग हळूहळू खेळ. सुश्रुतने त्याला स्वतः फोन केला. खोलीचं दार लावून तो बराच वेळ बोलत होता. बाहेर आला तेव्हा चैत्रालीशी बोलला नाही.

क्लबच्या डॉक्टरने ओळख लावून त्याच आठवड्यात एमआरआय करून दिला. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटला होता आणि सुजेमुळे शेजारची नस दाबली जात होती. ऑपरेशन कदाचित टळेल, डॉक्टर म्हणाला. पण यंदा बॉल हातात घ्यायचा नाही. आणखी एक-दोन मॅच खेळला असता तर काय झालं असतं, असं अभिरामने विचारलं. डॉक्टरने खांदे उडवले आणि म्हणाला, तो प्रश्न आता नकोच.

फ्लोरिडाच्या कोचला सुश्रुतने डाव्या हाताने टाइप करून मेल लिहिला. उत्तर लगेच आलं, सभ्य होतं. लवकर बरा हो, ती जागा आम्हाला भरावी लागेल.

त्या संध्याकाळी चैत्रालीने केम्पेनचं लिहिलं. एकदा बसली आणि उठेपर्यंत झालं. संघाला सातवं ठेवलं. डावखुरा पिचर चांगला आहे पण एकटा आहे, शॉर्टस्टॉपच्या जागेवरच्या खेळाडूला या वर्षी धावताना त्रास होईल, असं सगळं नेहमीसारखं लिहिलं. शेवटी लिहिलं: "पहिला पिचर सुश्रुत निरगुडकर कोपराच्या दुखापतीमुळे मोसमभर खेळणार नाही. तो माझा मुलगा आहे. शनिवारच्या मॅचआधी ही दुखापत मला माहीत होती आणि मी ती संघाला कळवली नाही. त्या मॅचमध्ये हेगचा एक खेळाडू जखमी झाला. यापुढे केम्पेनबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं."

पाठवण्याआधी तिने लॅपटॉप सुश्रुतच्या खोलीत नेला. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, हात उशीवर ठेवून. त्याने वाचलं. वाचून झाल्यावर परत वरती जाऊन पहिल्यापासून वाचलं.

"यू डोन्ट हॅव टू," तो म्हणाला. चार दिवसांत तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"मला लिहायचंय."

"मग हेही लिही की मी तुला गप्प राहायला सांगितलं होतं."

"ते तुझं आहे. सांगायचं तर तू सांग. माझ्या लेखात मी तुझं नाव पुढे करणार नाही."

तो नखाने कव्हरचा दोरा ओढत राहिला. मग म्हणाला, "तू ओरडलीस ते मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे."

"मला वाटलं, हा एक टाकतो आणि मग बाहेर जातो. फक्त हा एक."

चैत्राली पलंगाच्या कडेला बसली. तिला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण तो तसाच बसून राहिला आणि तिनेही हात मांडीवरच ठेवला.

"मी तुझ्यावर अजून चिडलोय," तो इंग्रजीत म्हणाला.

"चीड ना. मीही चिडले आहे."

"माझ्यावर?"

"दोघांवर."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "सातवा बरोबर नाहीये. आम्ही आठवे येऊ. डावखुऱ्याला गेल्या वर्षी जुलैनंतर काही जमलं नव्हतं, ते तू मोजलं नाहीस."

तिने आकडे पुन्हा पाहिले. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मुलाच्या संघाला शेवटचं लिहायला तिचा हात धजला नाही; तिने सातवाच ठेवला आणि लेख पाठवून दिला. वाउटरने एका शब्दाचं उत्तर पाठवलं आणि लेख जसाच्या तसा छापला. पुढचे काही दिवस फार फोन आले. काही लोकांनी तिला नको ते लिहिलं. पुण्याहून तिच्या आईने विचारलं, कशाला जगाला सांगायचं. केम्पेनच्या एका खेळाडूच्या बायकोने सुपरमार्केटात तिला पाहून ट्रॉली दुसऱ्या रांगेत वळवली. रुबेनने मात्र पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी सुश्रुतला फोन करून विचारलं, बाकावर बसून प्रतिस्पर्ध्यांचे बॉल लिहून घेशील का. तो गेला. केम्पेन ती मॅच हरलं, त्यानंतरच्या पाचही हरलं.

जूनमध्ये प्रेक्षकांना थोड्या संख्येने प्रवेश मिळायला लागला. त्यातल्या एका रविवारी सुश्रुत म्हणाला, "हेगला मॅच आहे. आपण जायचं का?" केम्पेनची मॅच नव्हती. चैत्रालीने कारण विचारलं नाही.

दोघं एकेक खुर्ची सोडून बसली. येले चौथ्या क्रमांकाला बॅटिंगला आला. त्याने नवं हेल्मेट घातलं होतं, गालावर पट्टी असलेलं. तो प्लेटपासून जरा दूर उभा राहिला. पूर्वी इतका दूर तो कधी उभा राहत नसे. बाहेरचे तीन बॉल त्याच्या बॅटच्या टोकापलीकडून गेले आणि तो बाद झाला. सुश्रुतने मान खाली घातली. पुढच्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी येलेने पाय उचलून किंचित पुढे टाकला, अगदी बोटभर, आणि उजवीकडे एक फटका मारला. चेंडू गवतावरून धावत गेला. सुश्रुत उठून उभा राहिला. टाळ्या वाजवायला त्याला अजून दोन्ही हात नीट वापरता येत नव्हते, म्हणून तो डाव्या हाताने मांडीवर थापा मारत राहिला.

मॅच संपल्यावर येले कठड्यापाशी आला. तो तिशीचा होता, वरून दिसायचा त्याहून थकलेला.

"कधी टाकणार परत?" त्याने विचारलं.

"पुढच्या वर्षी. कदाचित," सुश्रुत म्हणाला. "सप्टेंबरमध्ये ग्रोनिंगनला शिकायला जातोय. तिथे सावकाश सुरू करेन."

"दुखलं तर सांगशील?"

"हो. सांगेन."

येलेने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग चैत्रालीकडे. "तुमचा अंदाज मी वाचला होता," तो तिला म्हणाला. "माझ्याबद्दल लिहिलंय ते आता खरं नाही. मी जवळ उभा राहत नाही."

"आज शेवटी राहिलात," ती म्हणाली.

"पाहिलंत?" तो हसला. "बायकोला सांगू नका." आणि ग्लोव्ह काखेत मारून तो आत गेला.

परतीच्या वाटेवर सुश्रुत पुढच्या सीटवर बसला होता. ट्रामचे रूळ ओलांडून गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा त्याला झोप लागली होती, उजवा हात मांडीवर उताणा टाकून. चैत्रालीने रेडिओ बंद केला.